सरळ रेघ

तार्तूत, नदीकडच्या उतारावर माझं स्पीकरचं दुकान.
फेब्रुवारीत गिऱ्हाइकापेक्षा बर्फच जास्त आत येतं.

लेइदा आली. सूतगिरणीत बत्तीस वर्षं;
यंत्रांनी तिच्या कानांचा वरचा मजला
कधीच रिकामा करून घेतलेला.
पिशवीतून तबकडी काढली,
गावातल्या बायकांनी चर्चमध्ये गायलेली.

मी आधी महागडे लावले.
"दवाखान्यातला उजेड," ती म्हणाली.
दुसरे लावले. "हे फार शहाणे आहेत."
मग आलेख दाखवला, खर्जापासून थेट टोकापर्यंत
पट्टीने ओढावी तशी रेघ.
तिने चष्मा लावून पाहिली, कौतुकही केलं.
"रेघ सरळ आहे हो.
माझा कान कुठे सरळ आहे?"

राहिली कोपऱ्यातली तपकिरी पेटी,
जिच्यावर मी चहाचा कप ठेवतो.
कापड फाटकं, खर्ज लापशीसारखा.
ती लावली, तर लेइदाने हातमोजे काढले.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग बोट वर केलं :
"ही बघ, मिल्वी खोकली.
सर्दी झाली होती तिला त्या दिवशी."

किंमत मी पुटपुटलो.
"इतकी स्वस्त का?" तिला संशय आला.

पेटी उद्या न्यायची आहे. तबकडी इथेच राहिली.
दिवे घालवून मी तीच बाजू पुन्हा लावली,
तिच्या खुर्चीत, तिच्यासारखी मान कलती करून.

लापशी. निव्वळ लापशी.
तीनदा ऐकलं,
मिल्वी काही मला सापडली नाही.

कपासाठी आता दुसरी जागा बघायला हवी.