दोनशे एकोणचाळीस

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं मी मस्टर लिहिलं.
अक्षर चांगलं म्हणून ठेवलं होतं मला.
पगाराच्या पानाला शाई,
बाकी सगळं शिसपेन्सिलीनं.

वारके शेठ वाईट नव्हते.
मे महिन्यात शेडचा पत्रा तडतडायला लागला
की स्वतःच्या गाडीतून ताकाचे कॅन आणायचे.
फक्त टेबलावर बोट वाजवत एवढंच म्हणायचे,
"मास्तर, दोनशे एकोणचाळीस."
दोनशे चाळीस दिवस भरले
की माणूस कायद्याला दिसायला लागतो.
तोवर नुसता लूमवर असतो.

म्हणून मी कापायचो.
बेबाबाई सपकाळे, राहणार असोदा,
अकरा वर्षांत चौदा वेळा कापली,
चौदा वेळा पुन्हा लिहिली:
बेबीबाई. बेबाबाई हिरामण. सौ. बी. एच. सपकाळे.
एकदा तर नुसती बेबी, वय एकोणीस;
तेव्हा तिचा नातू बालवाडीत होता.
'ब्रेक' म्हणायचे त्याला.
ब्रेकच्या आठवड्यातही ती यायची, भोंग्याआधी.
मान वर न करता मी गैरहजर मांडायचो
आणि ती विचारायची,
"चहा झाला का, मास्तर?"

गुडघे गेले तिचे. शेठ म्हणाले, उद्यापासून नको.
युनियनच्या उखर्डू बाविस्करनं केस लावली.

लेबर कोर्टात मी शेठकडून साक्षीला.
लाल फडक्यात बांधलेली मस्टरं,
त्यांत पंधरा अनोळखी बाया.
तिच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, पगाराची चिठ्ठी नाही.
काखेत एक चटई.
ती तिनं उलगडली.
दारापर्यंत गेली, दाराबाहेर गेली,
शिपायाला पाय उचलावे लागले.

"मले लिवता येत नाई, सायेब. इनता येते.
रोज सुटी झाली का येक कात्रन, वेस्टेजचं.
घरी जाऊन येक ओळ.
हे हिरवं. पोळ्याच्या आंधी हिरवाच माल निंघे.
हे काळं, दाना खराब आला व्हता, मशीन दोनदा बंद पडलं.
इथं जागा सुटेल हाये.
तवा माय वारली. तीन दिस."

पंखा तेवढा बोलत होता.
मग आमचे वकील उठले, कोट सावरत:
"म्हणजे ही चोरी झाली! कंपनीचा माल!
अकरा वर्षं, रोजची चोरी!"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
टायपिस्टकडे वळून, अगदी हळू:
"'रोजची'. घ्या.
हं, वकीलसाहेब. पुढे?"

पुढे काही नव्हतं.

मला विचारलं, हिला ओळखता?
शेठ माझ्या हाताकडे बघत होते.
मी म्हणालो, रोज चहाचं विचारायची.

निकालाला सव्वादोन वर्षं लागली.
शेठनी पैसे भरले. हप्त्यानं, कुरकुरत, पण भरले.
आता गेटवर मराठीत पाटी आहे:
पगाराची तारीख, जादा तासाला दुप्पट,
इन्स्पेक्टरचा नंबर. तो लागत नाही.
हजेरीला अंगठ्याचं मशीन आलंय.
त्याला पेन्सिल नाही,
पण पासवर्ड आहे म्हणतात.

साक्षीनंतर मलाही नको म्हणाले.
उखर्डू म्हणाला, मास्तर, तुमची ग्रॅच्युइटी काढू,
कागद आणा.
मी एकोणीस वर्षांची मस्टरं डोळ्यांपुढून सरकवली,
हजार-दीड हजार नावं, माझ्याच वळणदार अक्षरात.
माझं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं.

असोद्याला गेलो.
बेबाबाईनं बसायला पोतं टाकलं.
चटई अजून कोर्टात जमा.
सगळं ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली,
"तुमी ज्या दिशी नसायचे ना,
त्या वळीच्या काठाले म्या पांढरी गाठ मारेल हाये.
त्या दिशी हजेरी कोन मांडे, त्याचा भरोसा नव्हता."

चटई परत मिळावी म्हणून अर्ज केलाय.
पांढऱ्या गाठी मोजायच्यात.
फार नसाव्यात.