बिनवापराचा

तळघरात अडतीस आहेत. ओरिन म्हणतो एकेचाळीस,
पण तो ग्रेव्हीची भांडीही धरतो. मी फक्त थाळे मोजते:
लांबट, जड, दोन्ही हातांनीच उचलावे लागणारे,
मधोमध पिसारा फुलवून बसलेली टर्की,
नाहीतर काठाने हॉलीची पानं आणि तीन-तीन लाल फळं.
वर्षातून एक दिवस लागतात, फार तर दोन.
बाकी सगळं वर्ष जुन्या टॉवेलांत झोपून असतात.

पहिला घेतला पन्नास सेंटला,
चर्चच्या मागे, एका मोडक्या टोस्टरखाली होता.
टर्कीच्या डोळ्यावरचा रंग उडालेला,
त्यामुळे ती अर्धवट झोपेतून उठवल्यासारखी दिसायची.
वाटलं, हिला कोण नेणार.
असंच सुरू होतं म्हणतात, दारूचंही.

मग गॅरेज सेल, लिलाव, गेलेल्या माणसांची घरं.
शनिवारी सकाळी सातला
परक्या स्वयंपाकघरात उभं राहून
त्यांचे थाळे उलटे करायचे, बुडाचा शिक्का वाचायचा.
नणंद मॅव्हिस दर नोव्हेंबरला विचारते,
"या सगळ्याचे येतील तरी किती?"
विकायचे नाहीत, मी म्हणते.
"नको विकूस गं. पण येतील किती?"

यंदा मार्चमध्ये फायर स्टेशनच्या हॉलमध्ये
किंमत सांगणारा माणूस आला.
माणशी तीन वस्तू, पाच डॉलर फी.
पुल्लियम आडनाव, वय तिशीचं, खिशात चिमुकला टॉर्च.

झोपाळू टर्कीवर त्यानं बोट फिरवलं.
सुरीच्या रेघाच रेघा,
बर्फावरून पाखरं चालत गेल्यासारख्या.
बेचाळीस वर्षांची जेवणं.
"चार डॉलर," तो म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालं तर."
दुसऱ्याचा काठ डिंकानं सांधलेला.
"भिंतीवर टांगा."

तिसरा मिस क्लिंगमनच्या घरातला.
मूळ खोकं, आत पिवळा पडलेला कागद,
बुडाला बंद पडलेल्या दुकानाचं लेबल: दोन अठ्ठ्याण्णव.
पुल्लियम खुर्चीत सावरून बसला.
टॉर्च लावला, विझवला, पुन्हा लावला.
"वापरलाच नाही," तो म्हणाला,
बाळ झाल्याची बातमी सांगावी तसा.
"एकदाही नाही! दोनशे ऐंशी.
खोक्यासकट तीनशेसुद्धा."

मिस क्लिंगमन शाळेत टायपिंग शिकवायची.
आमच्याच रस्त्याच्या टोकाला, शेवटचं घर.
थँक्सगिव्हिंगला तिच्या अंगणात एकच गाडी असे, तिचीच.
आम्ही म्हणायचो, कोलंबसला असेल कुणीतरी तिचं,
येतील संध्याकाळी.
आमच्याकडे एकोणीस माणसं, पोरांचा गोंधळ,
कोट ठेवायला पलंगही पुरेना.
एका वर्षी खुर्च्या कमी पडल्या,
तर ओरिन तिच्याकडूनच चार घडीच्या खुर्च्या घेऊन आला.
तिनं त्या पुसून दिल्या होत्या, म्हणाला.
शुक्रवारी परत केल्या, वर भोपळ्याच्या पायचा एक तुकडा.
मला तेव्हा ते फार रीतीचं वाटलं होतं.

तिनं तो थाळा का घेतला असेल?
दोन अठ्ठ्याण्णव तेव्हा काही थोडे नव्हते.
दुकानातल्या मुलीनं विचारलं असेल, किती माणसं येणार?
काय सांगितलं असेल तिनं?

मॅव्हिसला फोनवर आकडा सांगितला.
तिनं शीळ घातली.
"बघ, मी म्हणत नव्हते!"

खोकं अजून स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आहे.
काल नखानं लेबलचा कोपरा उचलून पाहिला.
सहज सुटत होता. मी परत दाबून बसवला.
एप्रिल आहे. आमची मुलंही आता
फिनिक्सला नि कुठे कुठे, फोन करतात.

परवा ओरिन तळघरातून ओरडला,
अगं, खुर्च्या तीनच परत केल्या होत्या!
चौथी वॉटर हीटरच्या मागे आहे,
इतकी वर्षं तिच्यावर रंगाचे डबे ठेवत आलो.
वर घेऊन आला. पत्र्यावर हिरवे थेंब,
पाठीमागे टायपिंगच्या अक्षरांत एक पट्टी: टी. क्लिंगमन.

पुल्लियम पुन्हा ऑक्टोबरात येणार आहे.
खुर्ची मी नेणार नाही.