स्टेडी

उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये
बिडाचं एक कडं होतं, बिजागरीवर उघडणारं,
आत तीन पितळी बोटं.
त्याला सगळे स्टेडी म्हणायचे.
मला वाटायचं, हे त्याचं पाळण्यातलं नाव,
जसं आमच्या कुत्रीचं राणी.

गुऱ्हाळाच्या चरकाचा लांब शाफ्ट लेथवर चढला
की मधोमध पोट सोडायचा,
टूल टेकलं की किंचाळायचा,
आणि अंगभर लाटा उठायच्या त्याच्या,
नखानं मोजाव्यात इतक्या बारीक.
दादा मशीन बंद करायचे.
शिवी नाही, काही नाही.
"स्टेडी आण."

पहिल्यांदा मी बोटं आवळली, जीव खाऊन.
जॉब निळा पडला. जळक्या ग्रीसचा वास
फळीवरच्या जेवणाच्या डब्यात शिरला.
मग घाबरून सैल सोडली,
तर परत लाटा.
दादांनी माझा अंगठा नटावर ठेवला, वर त्यांचा.
"धरायचं न्हाई. थांबवायचं तर मुळीच न्हाई.
फिरू दे त्येला.
तू नुस्ती टेकून ऱ्हा."

शाळेत समानार्थी शब्द आले तेव्हा
स्थिर म्हणजे अचल, निश्चल, ठाम,
असं मी तीन मार्कांसाठी लिहून टाकलं.
पण शेडमधली स्टेडी
जॉब फिरत असेल तोवरच कामाची.
चक थांबला की कोपऱ्यातलं नुसतं ओझं,
राणी त्याला पाठ घासायची.

सुतारवाड्यात पाणी शिरलं त्या साली
आम्ही शाळेच्या वर्गात झोपायचो, बाकं भिंतीला लावून.
रिक्षाचा भोंगा सांगत फिरायचा,
बंधाऱ्याजवळ पातळी स्थिर.
आक्काताई चौगुले प्रत्येकाला धरून विचारायच्या,
"म्हंजे चढत न्हाई?"
न्हाई.
"उतरतंय?"
त्ये बी न्हाई.
"मग गाठोडं सोडू का बांधून ठेवू?"
हे कुणालाच सांगता येईना.
शेवटी त्या गाठोड्यावरच बसल्या
आणि बसल्या बसल्या
साठ माणसांच्या भाकरीचं पीठ मळायला लागल्या.

यंदा सीपीआरच्या पायऱ्यांवर
सिस्टर तोच शब्द घेऊन आली.
पेशंट स्थिर आहे.
आई माझ्याकडं बघत राहिली.
मला तेव्हा फक्त ते गाठोडं आठवलं,
निळ्या लुगड्याचं, कोपऱ्यातून ओलं झालेलं.
मी म्हटलं, चल, खाली जाऊन चहा घेऊ.

आता दादा घरी आहेत.
उजवा हात थरथरतो,
मधोमध पोट सोडल्यासारखा.
कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर.
जोतिराम झाकणाचा पेला घेऊन आला,
लहान पोरांचा, वर ससा काढलेला.
दादांनी भिंतीकडं तोंड केलं
ते संध्याकाळपर्यंत.

काल सकाळी त्यांनी स्वतःच कप उचलला.
मी काही ठरवलं नव्हतं.
माझी तीन बोटं त्यांच्या मनगटाखाली गेली,
दोन खालून, एक बाजूनं.
चहावर लाटा होत्या, मग थोड्या कमी,
मग मोजता येतील एवढ्याच.
हात हलतच होता. माझाही हलत होता, त्याच्याबरोबर.
बाहेर दूधवाल्याची घंटी वाजून गेली,
आम्ही दोघंही उठलो नाही.

अर्धा कप गेल्यावर
दादांनी मान वाकवून माझी बोटं पाहिली,
नव्या पोराचं काम तपासावं तशी,
अगदी जवळून.
"जरा सैल कर," म्हणाले,
"पोळतंय."