चिकटलेली पानं

शनिवारी परळी खोऱ्यात नऊ किलोमीटर.
कागदावर नऊ. पायांना विचाराल तर चौदा.
भाताचे बांध, ओढा, पुन्हा तोच ओढा,
मग कारवीतून सरळ वर,
जिथं शेळीसुद्धा आधी बघते, मग ठरवते.

करंजे पळापळ मंडळाचे अकरा जण सुटले.
मी बांधावर. गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी,
आणि मांडीवर ती लांबट, लाल पाठीची वही,
दुकानात उधारी लिहितात तसली.
सहा वर्षं झाली,
या माणसांची सगळी मिनिटं माझ्याकडे मांडून आहेत.

रुक्साना मुजावर एकाच बुटावर आली.
दुसरा चिखलानं ठेवून घेतला.
"सिव्हिलला नाइट करून आलेय," म्हणाली,
"आता त्याच्याशी कोण भांडत बसतंय."
मागून पंकज नाळे, पोटरीला जळू.
"हिचीही वेळ लिहा, ताई,
आम्ही बरोबरच पोचलोय."

हिंदुराव शेडगे सगळ्यांत शेवटी, नेहमीसारखे,
ओढ्यात तोंड धुऊन, भांग पाडून.

रात्री पोरांनी फ्लेक्स उलगडला.
'पन्नासावी मॅरेथॉन! हिंदुराव अण्णा!'
फोटो कुणाच्या तरी लग्नातला,
फेट्यासकट.
मी घरी येऊन वही पुसायला घेतली
तर मधली दोन पानं एकमेकांना धरून बसलेली.
जुना चिखल. चहाच्या वाफेवर धरली,
नखानं हळूच सोडवली.

फलटण, दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी.
माझं अक्षर तिरपं होत होत
ओळीबाहेर गेलेलं.
त्याच दिवशी माझा गुडघा गेला.
खाली दुसऱ्या कुणाच्या हातचं, मोठ्या आकड्यांत,
शेडगे, ५ तास ५१.

ही एक मी धरलीच नव्हती.
बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
म्हणजे पन्नासावी होऊन गेली,
ऑगस्टात, वाईला,
अण्णा पोचले तेव्हा चटई गुंडाळून झाली होती,
मांडववाला बांबू सोडत होता,
आणि डब्याच्या झाकणात उरलेले पोहे
त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ले होते.
टाळी कुणीच वाजवली नव्हती. मीही नाही.
माझ्या हातात छत्री होती.

रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट.
खाली सातारा दिव्यांचा, वर नुसतं धुकं,
मधे पावलांचा आवाज, आणि कुणीतरी खोकतंय.
रुक्सानाची पहिली बेचाळीस.
बूट नणंदेचे, एक नंबर मोठे,
पुढं वॉर्डातला कापूस कोंबलेला.
पेट्रीच्या अलीकडं ती रस्त्याच्या कडेला बसली,
कापूस काढला, पिळला, परत भरला.
माझ्याकडं न बघता उठली.
मी काही बोलले नाही. अशा वेळी शिट्टीसुद्धा
खिशात ठेवायची असते.

पाच तास अडतीस. तिनं चटईवर पाय ठेवला
आणि पहिलं काय विचारलं,
"आज वार कुठला?"

अण्णा आले. फटाके. कंदी पेढे.
गर्दी जराशी पांगल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.
"अण्णा, चूक झाली. ही एक्कावन्नावी."

"म्हायतंय मला," मिठाचं पाणी पीत म्हणाले.
"तीस वर्सं लायनमन होतो. खांब मोजत हिंडलो.
माझा आकडा चुकंल व्हय?"

"मग बोलला का नाही?"

ग्लास उपडा करून शेवटचा थेंब झटकला.
"फलटणचं पान तुझं हाय, पोरी.
माझी वेळ त्यावर उगंच बसलीय.
ते तुला उघडायचं तवा उघडशील."

फ्लेक्स त्यांनी घरी नेला.
सरपणावर टाकायला बरा, म्हणाले, जाड हाय.

मी कठड्यावर बसून पेन्सिलीला टोक केलं.
मुजावर, रुक्साना. एक.
मग शेडगे. तिथं बराच वेळ लागला.
पंकज खांद्यावरून वाकला,
"किती लिहिलं?"

"खांब मोज," मी म्हटलं.