दगड क्रमांक दोनशे सतरा

भुईकोटाच्या तटात, तळ्याकडच्या अंगाला,
पाण्यापासून पुरुषभर वर
एक हंस आहे.
पाय आभाळात, मान खाली,
चोचीतला कमळाचा देठ
लोंबायचा सोडून वर चढलेला.

कुठल्या देवळाचा, कुणी उतरवला,
कुणी चिऱ्यांत चिरा म्हणून चेपला,
माझ्या तक्त्यात त्याला जागा नाही.
रकाने आहेत ते असे:
लांबी, रुंदी, झीज, शेवाळ, शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं,
उलटा. बसवताना चूक.

मार्चचं ऊन. बांबूला बांधलेली टेप तापलेली.
मागून कुणीतरी म्हणालं,
"चूक कशाला लिवता ओ बाई?"

राजमल्लू चिट्याल, साखरपेठ.
गिरणी बंद पडल्यापासून
रोज पाळी भरायच्या वेळेला इथे येतात
आणि भोंगा झाल्यासारखे उठून जातात.
बत्तीस वर्षं चादरीच्या डिझाइनची कार्डं पंच केली.
मोर, वेल, चौफुला.
भोक असेल तिथे दोरा उठतो,
नसेल तिथे गप्प बसतो.
उजव्या हाताचं एक बोट अर्धं.
त्याबद्दल मी विचारलं नाही.

"मागावर कापडाची उलटी बाजू वर असती, बगा.
सरळ बाजू जमिनीकडं.
विणणाऱ्याला मोर दिसतच नाय, नुसते दोरे.
म्हणून पायाशी आरसा ठेवायचा.
दाढीचा, फुटका, कसला पण.
वाकायचं आन् बगायचं,
मोर आला का."

मग त्या अर्ध्या बोटानं त्यांनी
तटाकडे नाही, तळ्याकडे दाखवलं.

पाणी हिरवं, जड, कडेला निर्माल्य.
पलीकडे सिद्धेश्वराचा कळस
त्याच पाण्यात डोक्यावर उभा.
आणि अलीकडे, उलट्या तटाच्या मधोमध,
हंस
सरळ.
देठ नीट खाली सोडलेला.
एवढ्या शतकांत पहिल्यांदा कुणी
त्याला पोहताना पकडलं असेल,
असं मला वाटलं. मग वाटलं, छे,
कपडे धुणाऱ्या बायकांना ठाऊकच असणार.

"तो गवंडी आमच्यातलाच असंल," ते हसले.
मग हसू आवरून,
"नाय तर घाई असंल त्याला.
मुकादम डोक्यावर असला की
माणूस हाताला येईल तसा दगड लावतो.
मी पण एकदा अख्ख्या लॉटचे मोर उलटे पंच केलते.
पगार कापला माझा.
चादरी गेल्या की ओ विकून."

वारा आला. हंसाच्या पट्ट्या झाल्या,
पट्ट्यांचे दोरे,
मग नुसतं तळं.

जाताना त्यांनी विचारलं,
गिरणीची चिमणी हाय का तुमच्या यादीत?
म्हटलं, ती यादी वेगळ्या विभागाकडे.
म्हणाले, असंल.

शेरा मी खोडला. दुसरा सुचेना.
रकाना कोरा ठेवून फोटो जोडला.

आठवड्यानं फाईल परत आली.
मन लावून काम करणाऱ्या कुणा कारकुनानं
फोटो फिरवून चिकटवला होता.
हंस सरळ, किल्ला उलटा,
वरच्या कडेला शेवाळाची रेघ आणि पाणी,
खालच्या कडेला मार्चचं पांढरं आभाळ.

मी तशीच सही केली.