फाळक्यावरची रेघ

बाविसाव्या आठवड्यात आपण कदंबांपाशी असायला हवं होतं.
वहीत तसं लिहिलंय, कल्पिताच्या अक्षरात,
रात्रपाळीच्या निळ्या पेनाने, खाली दोन रेघा.
आम्ही नवव्यात आहोत. अजून दगडात.

कारणं सांगायची तर आहेत:
गौतमीचा ताप, मग तन्वेशचा,
मग चवथ. माटोळीचं सामान आणायला गेलो ते
अर्धं रान शिकून आलो,
पण ते वहीत कुठे धरतात?
मग चार दिवस मीच नुसता बसून होतो.
त्याला कारण नाही.

अंगणात ट्रक उभा आहे.
खाण थांबली तसा थांबला, आठ वर्षं झाली.
टायरांत हवा नाही, हौद्यात आघाडा उगवलाय.
फळा म्हणून मात्र चांगला.
मागच्या दिव्यापासून केबिनपर्यंत
खडूची एक रेघ मारली.
एक वीत म्हणजे हजार वर्षं, वीत माझी.
तन्वेशने आपली लावून पाहिली.
"बाबा, माझ्या हाताने इतिहास जास्त भरतो."

सोमवारी ठरवलं, आता पळायचं.
मौर्य चहाआधी.
सातवाहन चहाबरोबर, पाव बुडवून संपेपर्यंत.
मंगळवारी भोज. बुधवारी कदंब,
त्यांची राजधानी चांदरहून गोपकपट्टणाला हलवली
कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे.
गुरुवारी दहा वाजता पोर्तुगीज उतरले.
मी घड्याळ बघत होतो.
चारशे एक्कावन्न वर्षं, रेघेवर जेमतेम चार बोटं.
एक वाजता गेले.

गौतमीने हुमणातला काटा
ताटाच्या कडेला नीट आडवा ठेवला.
"जेवून गेले?"

"हो," म्हटलं, "जेवून गेले.
ह्या हुमणात मिरची आहे ना, ती ठेवून गेले.
काजू पण."

"विसरले," ती म्हणाली.
"परत येतील न्यायला."

तन्वेश जेवण टाकून रेघेपाशी वाकलेला.
"आपला ट्रक थांबला ते कुठे?"
मी खडू टेकवला आणि उचलला.
त्या एका ठिपक्यात
बँकेचे हप्ते, विकलेली म्हैस,
पंचायतीसमोरची उपोषणं,
कल्पिताने धरलेली नोकरी,
सगळं मावलं, वर जागा उरली.
हे इतकं बारीक आहे
हे मला कुठल्याच इयत्तेत कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती केप्याहून आली.
चप्पल न काढताच फाळका वाचला,
शेपटाकडून डोक्याकडे.
"गौतमी, सातवाहन कोण गं?"
"चहावाले."

तिने वही मागितली.
वॉर्डात करते तेच केलं,
कोण थांबू शकतो, कोण नाही.
मौर्य थांबतील. सातवाहन थांबतील. भोज,
त्यांच्यावर पेन जरा रेंगाळलं, तेही थांबतील.
"ते मेलेलेच आहेत," म्हणाली, "त्यांना कसली घाई?"
कदंब ठेवले,
चांदर मावशीच्या वाटेवर लागतं म्हणून.
ताप आला होता ते दोन आठवडे
तिने समासात लिहून ठेवले, तारखेसकट,
आणि झोपायला गेली.

आम्ही कुशावतीवर गेलो. तिसऱ्यांदा.
जांभ्यावर कोरलेला बैल होता तिथेच होता.
हा किती जुना, कुणी चार हजार म्हणतो, कुणी दहा,
मी रेघेवर मधेच कुठेतरी बोट ठेवलंय.
तन्वेशने बैल मोजला, शिंगापासून शेपटीपर्यंत,
आपल्या वितीने,
आणि आकडा मला सांगितला नाही.

गौतमी त्या गोल गोल वाटेत बोट घालून
बाहेरून आत निघाली.
मधे एक मुंगळा आडवा आला,
त्याला आधी जाऊ दिलं.
तेवढ्यात आपण कुठे होतो ते विसरली
आणि जराही न रागावता
पुन्हा पहिल्या वळणावर बोट ठेवलं.