बारा ते दोन

गावदेवीच्या लॉजची किल्ली काउंटरवर ठेवली
तेव्हा बाराला दहा कमी होते.
पितळी बिल्ला, दोनशे सात,
चार दिवस माझ्या पर्समध्ये खुळखुळला.
आता दुसऱ्या कुणाच्या खुळखुळेल.

नवं हॉटेल भायखळ्याला.
खोली दोनशिवाय नाही, मॅनेजर म्हणाला,
बॅगा राहू देत, फिरून या.

म्हणजे दोन तास मुंबईत आमचं काहीच नव्हतं,
ना दार, ना कडी,
ना गिझर बंद केला का ही काळजी.
कराडहून निघताना वन्संनी केलेल्या यादीत
राणीची बाग नव्हतीच.
ती दोन गल्ल्या पलीकडे निघाली.

लोक पेंग्विनच्या रांगेत. आम्ही झाडांच्या.
वन्सं प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात,
सदतीस वर्षं हजेरी घेतली त्याच आवाजात.
उर्वशी. (थांबतात. जणू कुणी "हजर" म्हणणार आहे.)
कैलासपती.
गोरखचिंच.
हिच्या बुंध्यावर त्यांनी तळहात टेकला,
"ही मूळची आफ्रिकेतली, नलू."
मग?
"मग काही नाही. बसलीय बघ कशी ऐसपैस."

बाकावर दशमी निघाली, तिखट शेंगदाणे निघाले,
आणि लॉजमधली साखरेची सहा पाकिटं.
ही कधी उचललीत?
"भाडं भरलंय ना आपण?"

पाइप ओढत माळी आला.
कुठं उतरलात, मावशी?
"गावदेवीला," त्या म्हणाल्या.
"भायखळ्याला," मी म्हणाले, त्याच क्षणी.
त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं,
आणि वन्सं अशा हसल्या
की पदर तोंडात धरावा लागला.
त्यांचा भाऊ गेल्यापासून
हे हसू मी ऐकलं नव्हतं.

मग चपला काढून पाय वर घेतले
आणि बोलता बोलता झोपल्या,
परक्या उशीवर चार रात्री जागलेली बाई,
लाकडी बाकावर, तोंड किंचित उघडं,
मुठीत साखरेचं एक पाकीट.

दोन वाजले.
सव्वादोन.
खोली आता आमची झाली असेल,
चादरी ताणून, नळ पुसून.
पाण्याची धार आमच्या आळ्यापर्यंत आली,
माळ्यानं पाहिलं,
आणि पाइप पलीकडच्या कर्दळीकडे वळवला.

मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.
जिथं किल्ली असायची, त्या कप्प्यात.